लळा आणि धास्ती: परसातल्या कोंबड्या पाळताना

परसात कोंबड्या पाळणाऱ्या कुठल्याही घरी विचारा, गेलेल्या कोंबड्यांचा हिशेब तोंडपाठ असतो. कुठली मुंगसाने नेली, कुठली पिल्लं घारीने उचलली, कोणत्या साली रोग आला आणि आठवड्यात खुराडं रिकामं झालं. तरीही पुढच्या हंगामात त्याच घरात खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवलेली दिसतात. सकाळी खुराड्याचं दार उघडल्यावर पंख फडफडवत बाहेर पडणारा तो घोळका, उकिरडा उकरणाऱ्या आईमागे पळणारी पिल्लं, हाताला लागणारं कोमट अंडं, यांचा लळा एकदा लागला की सुटत नाही.

पण नुकसान झालं की आपण ते नशिबावर टाकतो. "कोंबड्यांचं काय, आज आहेत उद्या नाहीत," असं म्हणून मोकळे होतो. हे मला पटत नाही. परसातल्या कोंबड्यांची बहुतेक मरणं ठरलेल्या वयात, ठरलेल्या ऋतूत आणि ठरलेल्या वाटेनेच येतात. ती वाट ओळखून आधी अडवता येते. ज्यांना आठ-दहा कोंबड्या आणि एक कोंबडा एवढाच संसार मांडायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मोठी शेड आणि ब्रॉयलरचा धंदा हा वेगळा विषय आहे.

आधी जात. आपली गावरान कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते. आकडा लहान वाटतो, पण त्यामागचं कारण समजून घ्या. ती बारा-पंधरा अंडी घालते, मग खुडूक होते, एकवीस दिवस उबवते आणि पुढे दोन-अडीच महिने पिल्लं सांभाळते. एवढा काळ तिचं अंडं बंद असतं. म्हणजे ती अंडी देणारी आहेच, शिवाय उबवणी यंत्र आणि दाईही आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने तयार केलेली ग्रामप्रिया परसातही दीडशेच्या वर अंडी देते. तिथलीच वनराज आणि बंगळुरूची गिरिराज अंगाने भरतात, अंडीही गावरानपेक्षा जास्त देतात. पण या सुधारित जाती सहसा खुडूक होत नाहीत, त्यामुळे दर खेपेला पिल्लं विकत आणावी लागतात. अंगाने जड कोंबड्यांना कुत्र्यापुढून चटकन उडून पळताही येत नाही. माझं मत असं की नवख्याने दोन-तीन जुन्या, पिल्लं वाढवलेल्या गावरान कोंबड्या ठेवाव्यात आणि अंड्यांसाठी त्यांच्या जोडीला चार-पाच ग्रामप्रिया घ्याव्यात. सुधारित कोंबडीची अंडीही गावरान कोंबडीखाली बसवता येतात.

कडकनाथबद्दल लोक फार विचारतात. ही मध्य प्रदेशातल्या झाबुआची काळी कोंबडी, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. मांसाला भाव आहे, पण अंडी बेताचीच. आणि २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या नावाने शेतकऱ्यांची जी फसवणूक झाली, ती विसरू नका. आधी पैसे भरा, पिल्लं आम्ही देऊ, अंडी चढ्या भावाने आम्हीच परत घेऊ, असं कोणी सांगत आलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

रस्त्यावर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं मुलं हट्टाने घेतात. ती बहुधा अंड्यांच्या जातीतली, नको म्हणून काढून टाकलेली नर पिल्लं असतात. उबेविना, लसीविना आलेली ती पिल्लं चार दिवसांत एकेक करून मरतात आणि मुलं रडत बसतात. पिल्लं घ्यायची तर सरकारी उबवणी केंद्रातून किंवा माहितीच्या माणसाकडून घ्या.

फक्त खायला अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरज नाही. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी देते, त्यातून पिल्लू निघत नाही एवढंच. शेजाऱ्यांची घरं लागून असतील तर कोंबडा नसणं शेजारधर्मालाही बरं.

आता खुराडं. एका कोंबडीला रात्री बसायला एक ते दीड चौरस फूट जागा पुरते, त्यामुळे खुराडं मोठं नसलं तरी चालेल, पण ते पक्कं हवं. अंधार पडला की कोंबडीला जवळजवळ दिसत नाही. ती बसल्या जागेवरून हलत नाही आणि आत शिरलेल्या जनावराला आयती सापडते. रात्री येतात रानमांजर, उदमांजर, घुशी आणि साप. मुंगूस मात्र दिवसाचा शिकारी. तो दगडी गडग्यातून, कुंपणाच्या बुडातून येतो आणि उन्हं उतरताना किंवा सकाळी डाव साधतो. खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच ठेवा. ते जमिनीवरच असेल तर कडेने फूटभर खोल दगड पुरा, म्हणजे खालून उकरता येणार नाही. बाजारात मिळणारी षटकोनी तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, पण उंदीर तिच्यातून आरामात जातो आणि कुत्रं ती फाडतं. अर्ध्या इंचाची, सांधे पक्के असलेली चौकोनी जाळी महाग पडते, पण पैसे घालायचेच असतील तर तिथेच घाला.

दार रोज एकाच माणसाने लावायचं. "त्याने लावलं असेल" या समजुतीपायी जितकी खुराडी रिकामी झाली आहेत, तितकी रानमांजराच्या हुशारीपायी झाली नसतील. दार लावताना मोजणी करायची आणि कमी भरली तर तेव्हाच शोधायला निघायचं. बहुतेक वेळा ती कुठेतरी झुडपात चोरून घातलेल्या अंड्यांवर बसलेली सापडते. सांडलेलं धान्य रात्री तसंच ठेवू नका. धान्यावर उंदीर येतात, उंदरांमागे नाग येतो. अंधाऱ्या खोपच्यातल्या अंड्यांना आधी बॅटरी लावायची, मगच हात घालायचा.

उबवणी हा या साऱ्यातला सर्वांत सुखाचा भाग, म्हणून त्यावर थोडं सविस्तर. कोंबडी खुडूक झाली की जागा सोडत नाही, पिसं फुलवते, जवळ गेलं की घोगरा आवाज काढते. अशांतली जी आधी पिल्लं वाढवून चुकली आहे, तीच बसवायला निवडा. गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरेत. जास्त ठेवली तर कडेची अंडी आळीपाळीने गार होतात आणि सगळाच घाणा बिघडतो. अंडी आठवड्याच्या आतली हवीत, उन्हाळ्यात तर चार-पाच दिवसांच्या आतली. ती धुवायची नाहीत आणि फ्रिजमधलीही घ्यायची नाहीत. पाटीत तळाला राख किंवा कोरडी माती, वर पेंढा आणि थोडा कडुनिंबाचा पाला घाला, उवा-पिसवा कमी होतात. कोंबडीला संध्याकाळी बसवलं तर ती रात्रभरात त्या जागेला रुळते. दाणापाणी जवळच ठेवा. ती दिवसातून एकदाच थोडा वेळ उठते आणि तेवढ्यात खाऊन, पिऊन, धुळीत लोळून परत येते.

सातव्या-आठव्या दिवशी रात्री एकेक अंडं मोबाइलच्या उजेडासमोर धरून बघा. आत काळा ठिपका आणि कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा दिसल्या तर अंडं फळलं आहे. स्वच्छ, पारदर्शक दिसलं तर ते काढून घ्या. मुलांना हे जरूर दाखवा. पुस्तकातल्या दहा चित्रांनी समजणार नाही ते त्या एका क्षणात समजतं. अठराव्या दिवसानंतर मात्र पाटीला हात लावू नका. शेवटच्या एक-दोन दिवसांत कान देऊन ऐका. कवचाच्या आतून पिल्लाची बारीक चिवचिव येते आणि वरून आई हळूच घोगऱ्या आवाजात उत्तर देते. जन्माआधीच त्यांची ओळख होते. ज्याने हे ऐकलं आहे त्याला कोंबड्या का पाळतोस असं विचारायची गरज उरत नाही.

पिल्लाने कवचाला भोक पाडलं की आपली बोटं शिवशिवतात. थांबा. पूर्ण बाहेर यायला त्याला निम्मा-अधिक दिवसही लागू शकतो. घाईने कवच सोललं तर रक्त येतं आणि पिल्लू दगावतं. बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, त्यावर ते दिवसभर सहज निभावतं. नंतर आधी किंचित गूळ घातलेलं पाणी आणि मग मक्याचा भरडा किंवा तांदळाची कणी. पाण्याचं भांडं उथळ हवं, त्यात चार खडे टाका. पिल्लं वाटीभर पाण्यातही बुडतात.

पहिले सहा आठवडे सर्वांत धोक्याचे. आईविना आणलेल्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी करत जायची. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर थंडी वाजते आहे, बल्बपासून लांब पळून चोच उघडी ठेवून बसली तर उकडतं आहे, आणि सगळीकडे पसरून चिवचिवत असली तर ठीक. आईसोबतच्या पिल्लांना ऊब मिळते, पण वरून घार आणि कावळे असतात. पहिले तीन-चार आठवडे त्यांना डालग्याखाली किंवा बंदिस्त वाफ्यात ठेवा, मग मोकळं सोडा. अंगणात एखादं दाट झुडूप, तुरीच्या काटक्यांचा ढीग किंवा तिरकं टेकवलेलं फाटक असू द्या. आईने धोक्याचा आवाज काढला की पिल्लांना शिरायला जागा हवी. अगदी सारवलेलं, मोकळं अंगण माणसाला आवडतं, पिल्लांसाठी ते मैदान असतं.

आता ज्या मरणाने अख्खी वाडी रिकामी होते त्याकडे येऊ. मानमोडी, म्हणजे राणीखेत. १९२७ साली उत्तराखंडातल्या राणीखेतला हा रोग आपल्याकडे पहिल्यांदा आढळला, म्हणून त्याचं हे नाव. कोंबडी झिंगल्यासारखी चालते, मान पिळवटते, चोच उघडून श्वास घेते, हिरवट-पांढरं हगते. कधी कधी यातलं काहीच न दिसता सकाळी दोन-चार मेलेल्या सापडतात. विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. लसूण, हळद, मेडिकलच्या दुकानातल्या माणसांच्या गोळ्या, कशानेही तो बरा होत नाही. लस मात्र आहे आणि ती स्वस्त आहे.

पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. चौथ्या आठवड्यात तीच पुन्हा. आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही लस टोचून. ती जोरदार असते, म्हणून लहान पिल्लांना किंवा आजारी कोंबडीला द्यायची नाही. त्यानंतर मोठ्या कोंबड्यांना वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्याच्या तोंडावर. देवीची लस सहा-सात आठवड्यांच्या सुमारास असते. तुमच्या भागात आणखी कोणती लागते ते तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

इथे खरी अडचण वेगळीच आहे. लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि तुमच्याकडे कोंबड्या नऊ. बाटली एकदा पातळ केली की तास-दोन तासांत संपवावी लागते, तीही बर्फावर ठेवून. त्यामुळे एकट्या घराला लस परवडत नाही असं वाटतं आणि ती राहून जाते. उपाय एकच, वाडीने मिळून एक दिवस ठरवायचा. बचत गटाच्या बैठकीत तारीख ठरवा, डॉक्टरांना आधी सांगा, आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी कोंबड्या कोंडून ठेवा आणि सकाळी उजाडताच घरोघर लस करून घ्या. दार उघडल्यावर कोंबडी पकडण्यात दिवस जातो. थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणण्याची जबाबदारी एकावर द्या. एका घरानेच लस टोचली आणि शेजारच्या सहा घरांनी नाही, तर रोग वाडीत फिरतच राहतो.

दुसरी गोष्ट कडक शब्दांत सांगायला हवी. कोंबड्या मरू लागल्या की उरलेल्या घाईने बाजारात नेऊन विकायच्या, ही आपल्याकडची जुनी खोड आहे. त्या कोंबडीबरोबर रोगही दुसऱ्या गावी जातो आणि तिथल्या एखाद्या बाईची वर्षभराची अंड्यांची कमाई चार दिवसांत संपते. ते करू नका. तसंच बाजारातून आणलेली, पाहुण्यांनी दिलेली कोंबडी थेट घोळक्यात सोडू नका. दोन-तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, वेगळ्या भांड्यात ठेवा. मग रात्री अंधारात खुराड्यात बसवा, म्हणजे टोचाटोची कमी होते.

मेलेली कोंबडी नाल्यात किंवा उकिरड्यावर फेकली की कुत्री ती गावभर नेतात. खोल खड्डा, वर चुना, मग माती. एकाच वेळी बऱ्याच मेल्या, तुरा आणि डोकं सुजून निळसर दिसलं, किंवा आसपास कावळे मरून पडले, तर उघड्या हाताने स्पर्श न करता लगेच दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू भारतात पहिल्यांदा २००६ च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावी तो आला, आणि २०२५ च्या सुरुवातीला उरण तालुक्यातल्या चिरनेरला घरगुती कोंबड्यांमध्ये सापडला. अशा वेळी एक किलोमीटरच्या परिघातले सगळे पक्षी नष्ट केले जातात. दिसायला धडधाकट असलेली कोंबडीही त्यात जाते, आणि हे पाहणं फार जड असतं. भरपाई सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची मिळत नाही. लवकर कळवण्यात गावाचं भलं आहेच, तुमचाही त्यात पैशाचा फायदा आहे.

ऋतूंचं थोडक्यात. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळीसच्या वर गेला की कोंबडी पंख पसरून धापा टाकते. तिला घाम येत नाही, धापा हाच तिचा उपाय, आणि त्याच धापांमुळे अंड्याचं कवच पातळ होतं. दुपारी दाणा देऊ नका, सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर द्या. खुराड्यावर ओली गोणपाटं टाका, मातीच्या भांड्यात पाणी सावलीत ठेवा. पावसाळ्यात उलट, सगळं कोरडं कसं राहील ते बघा. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांना ओलसर भुशातून रक्ती हगवण होते. भुसा वरचेवर हलवा, ओला झालेला काढून टाका, विष्ठेत रक्त दिसलं की त्याच दिवशी औषध आणा. बुरशी आलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड "कोंबड्यांना चालेल" म्हणून टाकू नका. त्या बुरशीचं विष यकृतावर जातं. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. हिवाळ्यात दिवस लहान झाले की अंडी कमी होतात, पिसं झडतात. तो आजार नव्हे.

मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला किडे, गवत, सांडलेलं धान्य मिळतं, तरी संध्याकाळी मूठभर दाणा द्याच. त्याने पोट भरतं आणि घरी परतायची सवयही लागते. ज्वारी, बाजरी, कणी, शेवग्याचा पाला, अझोला, जे असेल ते. मडक्यात ओलं शेण आणि काटक्या भरून ते वारुळाजवळ उपडं ठेवलं की सकाळी वाळवी भरलेली असते. पिल्लांना यासारखा खुराक नाही. कवचासाठी शिंपले कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा, लागेल तशी कोंबडी खाते. खारट उरलंसुरलं मात्र घालू नका.

एक गोष्ट पिल्लं आणण्याआधीच घरात बसून ठरवा. दोन-अडीच वर्षांनी अंडी उतरतात, कोंबडी मात्र त्यापुढे चांगली पाच-सहा वर्षं जगू शकते. ती मग ठेवायची, विकायची की कापायची? आणि जादा नरांचं काय? निम्मी पिल्लं नर निघतातच. ज्या घरात कापायचं ठरलं आहे, तिथे त्या कोंबड्याला नाव देऊ नये आणि मुलांपासून लपवूही नये. ताटात काय आहे हे नंतर कळलेलं मूल फार दुखावतं. ज्या घरात ठेवायचं ठरलं आहे, तिथे एका म्हाताऱ्या कोंबडीचा दाणा हा खर्च धरूनच चाला. ती पिल्लांवर बसायच्या, धोक्याचा आवाज द्यायच्या कामाची असते. कोंबडे विकायचेच असतील तर आषाढ संपायच्या आत विका. श्रावण लागला की भाव पडतो.

आणि रोगाने खुराडं रिकामं झालंच, तर दुसऱ्या आठवड्यात नवी पिल्लं आणू नका. रिकामं खुराडं बघवत नाही हे खरं, पण घाई केली तर तीही जातील. भुसा, विष्ठा, पिसं खरवडून जाळा किंवा पुरा. भांडी सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन उन्हात ठेवा. भिंतींना, फळ्यांना चुना लावा, कोपऱ्यातल्या फटी बुजवा, मग किमान महिनाभर खुराडं उघडं, उन्हात, रिकामं राहू द्या. दिवाळीनंतरचा गारवा पिल्लांना मानवतो आणि उन्हाळ्याच्या आत ती सावरतात. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. पिल्लांची मागणी आधी नोंदवा, आणि लासोटा लसीची तारीख पिल्लं घरी येण्यापूर्वीच दवाखान्यातून पक्की करून घ्या.